कागदाचे मूषक पावसाळ्यात वाळतच नाहीत: बुरशी, भेगा आणि चेपलेला फुगा

लोकमान्यनगर_आरास (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आराशीसाठी कॉलनीतल्या दहा मुलांकडून कागदाचे मूषक करून घ्यायचे आहेत. मुलं ५ ते ११ वयाची. प्रत्येकाचा एक मूषक, वीतभर लांब.

दोन नमुने करून झाले, दोन्ही फसले. पहिला फुग्यावर रद्दीच्या पट्ट्या चिकटवून केलेला. तो दुसऱ्या दिवशी एका बाजूने आत चेपला. दुसरा लगदा थापून केलेला, थर बोटभर जाड. वरून टणक झाला, भेगाही पडल्या, पण चौथ्या दिवशी दाबल्यावर आत ओलाच. पोटाखाली काळे ठिपके आणि आंबूस वास. लेई कच्चा मैदा पाण्यात कालवून केली होती, बुरशी येऊ नये म्हणून त्यात दोन चमचे मीठ घातलं होतं.

हातात १२ दिवस आहेत आणि इंदूरची हवा सध्या कशी आहे ते सांगायला नको. फुगा घ्यावा की नाही? मैदा किती, पाणी किती? लगदा करावा की नुसत्या पट्ट्या? आणि मुलांच्या हाती नेमकं काय द्यावं?

कागद_कात्री_लेई

तुमच्या दोन्ही नमुन्यांचा आजार एकच आहे: पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाट मिळाली नाही. पावसाळ्यात या कामातलं चिकटवणं सोपं असतं, खरं काम वाळवण्याचं. म्हणून आधी ठरवा की अंग पट्ट्यांचं करायचं आणि लगदा फक्त नाक, भुवया, गालांपुरता वापरायचा. आख्खं अंग लगद्याचं करायची हौस दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी ठेवा.

मीठ तर मुळीच नको. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि श्रावणातल्या सकाळी आपल्याकडे तेवढी आर्द्रता सहज असते. म्हणजे बुरशी थांबवायला घातलेलं मीठच वस्तू ओली ठेवतं. कोरड्या प्रदेशातली युक्ती आहे ती.

लेई शिजवूनच घ्या. कच्च्या मैद्याचे कण कागदावर नुसते बसतात, स्टार्च फुलत नाही, त्यामुळे पकड कमी आणि आंबणं लवकर. शिवाय लहान मुलं बोटं चाटतात, कच्चं पीठ पोटात जाणं चांगलं नाही. दहा मूषकांना दीड लिटर लेई पुरते. २५० ग्रॅम मैदा ३०० मिली थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा. दुसऱ्या पातेल्यात १२०० मिली पाणी उकळा आणि कालवण त्यात बारीक धारेने सोडत ढवळत राहा. उलटं, म्हणजे उकळतं पाणी मैद्यावर ओतलंत, तर गुठळ्या हमखास. मंद आचेवर ५-६ मिनिटं. पांढराफटक रंग जाऊन किंचित पारदर्शक झाक आली की झालं. गार झाल्यावर पातळ पिठल्यासारखी हवी. साय धरू नये म्हणून ताट झाका. वापरण्याआधी लवंग तेलाचे ८-१० थेंब घाला, सियागंजात कुठल्याही मोठ्या किराण्यात मिळतं. एवढं करूनही पावसाळ्यात बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे टाकून द्यायची.

एखाद्या मुलाला गव्हाची ॲलर्जी असेल तर साबुदाण्याची लेई करा. ६० ग्रॅम साबुदाणा ६०० मिली पाण्यात चार तास भिजवून दाणे विरेपर्यंत शिजवायचा आणि गाळायचा. मैद्यापेक्षा जास्त चिकट आणि स्वच्छ होते. इंदुरात साबुदाणा नसलेलं घर शोधावं लागेल.

आता फुगा. रात्री हवा गार झाली की आतली हवा आकसते, शिवाय रबरातून थोडी थोडी निघूनही जाते. ओल्या कागदात उभं राहायची ताकद नसते, म्हणून तो फुग्याबरोबर आत जातो. दिवसा उन्हात ठेवला तर उलट होतं, फुगा ताणतो आणि पट्ट्यांचे सांधे उघडतात. घ्यायचाच असेल तर चार-पंचमांश फुगवा, सावलीत, वाटीच्या काठावर टेकवून ठेवा, आणि तीन थर खडखडीत वाळल्याशिवाय फोडू नका. फोडताना टाचणी नको. गाठीजवळ कात्रीने बारीक छेद द्या म्हणजे हवा हळू निघेल. एकदम फोडला तर रबर आतला थर ओढून घेतं. पण ५ वर्षांची मुलं असताना माझं मत फुग्याच्या विरोधात आहे. फुटलेल्या रबराचा तुकडा तोंडात गेला तर श्वासनलिका बंद होऊ शकते, आठ वर्षांखालच्या मुलांना हा धोका जास्त.

फुग्याऐवजी रद्दीचाच बोळा. पेपरचा चार पानांचा एक पूर्ण ताव साधारण १५-१६ ग्रॅमचा असतो. असे तीन ताव चुरगाळून घट्ट अंडाकृती बोळा करा, त्यावर २४ मिमी रुंदीची मास्किंग टेप पूर्ण गुंडाळा, कुठेही उघडा कागद दिसता कामा नये. उघडा राहिला तर बोळा लेईचं पाणी पितो आणि मग आठवडाभर वाळत नाही. तुमच्या लगद्याच्या नमुन्यात आत बोळा असेल तर ओल तिथेच बसली असणार. एका मूषकाला ४-५ मीटर टेप लागते, २० मीटरची तीन रिळं आणा. मास्किंग टेप स्वतः कागदाची असते, तिच्यावर लेई धरते. पारदर्शक सेलोटेपवर पट्टी घसरते.

मातीकाम_राजेंद्रनगर

वरचं सगळं मान्य. पट्ट्यांबद्दल भर घालतो.

पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात आणि कड अंगात मिसळते. कापलेल्या कडेची पायरी रंगानंतरही दिसते. पेपर एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटणारी दिशा ही तंतूंची. अंगासाठी अडीच बाय दहा सेंटिमीटर, कान-नाकाच्या वळणांना एक बाय चार. वळणावर मोठी पट्टी लावली की सुरकुतीत हवा अडकते, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. चकचकीत पुरवण्या बाजूला ठेवा, त्या कागदावर चिकणमातीचा लेप असतो, लेई आत शिरत नाही.

पट्टी लेईत बुडवायची, वाडग्याच्या कडेवर दोन बोटांत ओढून जादा लेई निपटायची, मग लावायची. लहान मुलं हीच पायरी गाळतात. थबथबलेली पट्टी चिकटत चांगली असली तरी तिच्यासोबत दुप्पट पाणी आत जातं. मुलांना एकच खूण सांगा: लावल्यावर पट्टीवरून ओघळ आला तर ती काढून पुन्हा निपटायची.

थर मोजायला एक सोपी गोष्ट. पहिला थर हिंदी पेपरचा, दुसरा इंग्रजीचा, तिसरा पुन्हा हिंदी. मधे हिंदी अक्षर दिसलं म्हणजे तिथे दुसरा थर लागलेला नाही, हे पाच वर्षांचं पोरही ओळखतं. पहिला थर आडवा, पुढचा उभा. एकूण चार थर, एका दिवशी दोनच. चारही एका दिवशी लावले तर बाहेरचा कागद आधी वाळून आतल्याला कोंडतो.

वाळवायला: फरशीवर नाही, पाटावर नाही. केक गार करायची जाळी किंवा उलटी ठेवलेली चाळणी घ्या, वर पंखा, दर ४-५ तासांनी कूस बदला. दुपारचं कडक ऊन मिळालंच तर पहिले सहा तास नको, कवच आधी तडकतं. अर्धवट वाळल्यावर चालेल. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, गालाला कळतं. गार लागलं म्हणजे ओल आहे. त्याहून पक्कं म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दोन थर लावल्यावर वजन लिहून ठेवा, त्यातून साधारण ३० ग्रॅम पाणी जायचं असतं. १२ तासांच्या अंतराने दोनदा तेच वजन आलं की पुढचा थर. मोठ्या मुलांना हा तक्ता लिहायला द्या, त्यांना उद्योग आणि तुम्हाला नोंद.

मायक्रोवेव्ह नको. ओव्हन चालेल, पण एक दिवस पंख्याखाली गेल्यावर, ६०-७० अंशांवर, दार किलकिलं ठेवून, आणि मोठ्या माणसाने समोर बसून.

काळे ठिपके आलेला नमुना पुसून, वरून रंग देऊन वाचवू नका. ठिपके आतपर्यंत असतात. दम्याचं मूल असेल तर तो घरातही ठेवू नका.

मेथीदाणा

लगद्याविषयी कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

दहा मूषकांच्या नाक-भुवया-गालांना प्रत्येकी ३० ग्रॅम धरून ३०० ते ३५० ग्रॅम ओला लगदा लागेल. त्याला १०० ग्रॅम कोरडा कागद, म्हणजे सहा-साडेसहा ताव. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर भिजवा, सकाळी २०-२५ मिनिटं उकळा, गार करा. वहीचा कागद घेतलात तर दुप्पट वेळ लागतो, कारण शाई फुटू नये म्हणून त्याला आधीच खळ दिलेली असते. अंड्यांचे ट्रे सगळ्यांत सोपे, ते मुळात लगद्याचेच असतात, दोन तासांत विरतात. फक्त आधी १५ मिनिटं उकळा, कोंबडीची घाण लागलेली असू शकते.

मिक्सरमध्ये एक मूठ कागदाला तीन मुठी पाणी, आणि दहा-दहा सेकंद थांबून थांबून. पाणी कमी घातलं तर तंतू पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. भांडं जुनं घ्या, ते पुन्हा चटणीला वापरू नका, शाई असते. जुन्या पंचातून पिळा. इतकं पिळा की मुठीतला गोळा उघडल्यावर बोटांचे ठसे राहतील आणि पाणी टपकणार नाही. गाळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. तंतू नळीच्या वळणात बसतात आणि लेईबरोबर सिमेंट होतात.

या ३००-३५० ग्रॅम ओल्या लगद्यात ६० ग्रॅम फेविकॉल, ४० ग्रॅम खडूची पावडर आणि दोन चहाचे चमचे मेथीपूड. खडू भर म्हणून असतो. कागद वाळताना आकसतो, खडू आकसत नाही, म्हणून भेगा कमी. मेथीत चिकट डिंकासारखा पदार्थ असतो, भिजली की लगदा बांधून ठेवते, आणि तिच्या कडूपणामुळे किडे लांब राहतात असा जुना समज. कागद भिजवून, मेथ्या घालून, कुटून, पातेल्यावर थापून टोपल्या करणाऱ्या आजीबाईंची हीच कृती, फेविकॉल तेवढं नंतरचं.

जाडी ४-५ मिलिमीटर. बोटभर थर म्हणजे दीड सेंटिमीटर, तो या हवेत दहा दिवसांतही वाळणार नाही. जाड नाक हवं असेल तर आधी पुठ्ठ्याचा शंकू करा, टेपने लावा आणि त्यावर पातळ लगदा फिरवा. भेगा पडल्याच तर त्यात नवा लगदा कोरडाच दाबू नका, भेग आधी पातळ फेविकॉलने ओली करा, नाहीतर जुना भाग नव्यातलं पाणी शोषून घेतो आणि कड पुन्हा सुटते.

वरून टिश्यू पेपरचा एक थर द्या. काश्मीरच्या पेपर माशे कामातही लगद्याचं अंग तयार झाल्यावर त्यावर पातळ कागद चिकटवतात आणि मग नक्षी करतात, रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून. आपल्या मूषकालाही तेच लागू.

लोकमान्यनगर_आरास

खूप खूप धन्यवाद. आणखी विचारते: मुलांमध्ये वाटणी कशी करावी? रंग कोणते? घरात जुना ऑइल पेंटचा डबा पडलाय, तो चालेल का? आणि काही मुलांना मूषकाऐवजी मुखवटा हवाय, त्याचा साचा मातीचा करता येईल? बुरशीसाठी एकीने मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवलं आहे. शेवटी, मूषक मूर्तीबरोबर विसर्जित केले तर?

मातीकाम_राजेंद्रनगर

मोरचूद नाही. पुस्तकबांधणीवाले आणि जुने कारागीर खळीत घालत असत, पण ते विष आहे, मुलांच्या बोटांजवळ त्याचं काम नाही. तुरटी चिमूटभर चालेल. तुरटीने वर्षानुवर्षांत कागद ठिसूळ होतो म्हणतात ते खरं आहे, पण दहा दिवसांच्या आराशीला काय फरक पडतो.

मुखवट्याला मातीचा साचा उत्तम, फक्त आपली माळव्याची काळी माती घेऊ नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना हात जाईल एवढ्या भेगा देते, साच्याचं नाक दुसऱ्या दिवशी दुभंगतं. कुंभाराकडची पिवळी माती किंवा शाडू घ्या. साचा ओला असतानाच त्यावर बारीक चाळलेली राख भुरभुरवा, मग कागद. पश्चिम बंगालात पुरुलियाजवळच्या चरिदा गावात छाऊ नाचाचे मुखवटे असेच होतात, मातीच्या साच्यावर राख, त्यावर पातळ खळीत भिजवलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर. मुलांना पाच थर पुरे. राख नसेल तर पहिला थर नुसत्या पाण्याने लावा, लेई दुसऱ्यापासून.

भांडं साचा म्हणून वापरणार असाल तर वाटी किंवा परात, लोटा नाही. तोंड पोटापेक्षा अरुंद असलं की वाळलेलं कवच निघतच नाही, कापावं लागतं. आणि अशा कागदी वाटीत फराळ देऊ नका. छापील पेपरमध्ये खाद्यपदार्थ बांधू नयेत असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ सालीच सांगितलं आहे, शाईमुळे. आपल्याकडे पोहे अजून पेपरवरच मिळतात, तो भाग वेगळा.

कागद_कात्री_लेई

ऑइल पेंटचा डबा किती जुना आहे? घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा डबा असेल तर मुलांच्या कामात तो नाहीच. नंतरचा असला तरी वास आणि टर्पेंटाइन यांमुळे नको.

आधी अस्तर: २०० ग्रॅम खडू पावडर, १०० ग्रॅम फेविकॉल, १००-१२० मिली पाणी, घुसळलेल्या दह्याइतकं. दहा मूषकांचे दोन हात निघतात. अस्तर नसेल तर पेपरची अक्षरं पिवळ्या रंगातून वर येतात. खाण्याचा चुना मात्र अस्तरात घालू नका, हात भाजतात. घासायचं असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, बाहेर ओट्यावर, तोंडाला रुमाल बांधून, मोठ्या माणसानेच. खडूची धूळ फार उडते.

रंग ॲक्रिलिक. पोस्टर कलर स्वस्त आहे, पण दमट हाताला सुटतो आणि वरून पाण्याचा वॉर्निश फिरवला की डोळ्यांचं काजळ गालावर येतं. पोस्टर कलरच असेल तर वॉर्निशचा पहिला हात ब्रशने न देता फवाऱ्याने द्या. वरून फेविकॉल-पाण्याचा हात देण्याची पद्धत आहे, ती या हवेत टाळा. दमट दिवसांत तो थर पुन्हा चिकट होतो, दोन मूषक शेजारी ठेवले की एकमेकांना चिकटतात. टेप, खडू, रंग हे सगळं खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळून जाईल.

वाटणी: पाच-सहा वर्षांच्यांना पट्ट्या फाडणं, बोळा चुरगाळणं आणि पहिले दोन थर. सात-आठच्यांना टेप आणि कान. नऊच्या पुढच्यांना लगदा, वजनाचा तक्ता, अस्तर. गॅस, मिक्सर, कटर मोठ्यांकडे. एका बैठकीला ४० मिनिटं खूप झाली, त्यानंतर लेई एकमेकांच्या केसांत जाते.

बारा दिवस असे: पहिल्या दिवशी बोळा, कान, शेपूट. दुसऱ्या दिवशी दोन थर, तिसरा दिवस वाळवण. चौथ्याला पुढचे दोन थर, पाचवा-सहावा वाळवण. सातव्याला लगदा, आठवा-नववा वाळवण आणि टिश्यू. दहाव्याला अस्तर, अकराव्याला रंग. पाऊस लागून राहिला तर टिश्यू आणि घासणं गाळा, वाळवणाचे दिवस कमी करू नका.

विसर्जन नको. कागद मातीसारखा विरत नाही, लगदा होऊन तरंगतो, आणि त्यात फेविकॉल, ॲक्रिलिक, शाई सगळं असतं. मूर्ती शाडूची घ्या, ती बादलीत विरेल. मूषक पुढच्या वर्षाला ठेवा, पण झुरळं आणि कसर लेईवर जगतात, म्हणून पूर्ण रंगवलेले, कुठेही उघडा कागद नसलेले मूषकच ठेवा. पोटाखालीही रंग द्या, मुलं तेवढीच जागा विसरतात.

मेथीदाणा

शेपटीचं राहिलं. सुतळी लेईत भिजवून हव्या त्या वळणात वाळवा, मगच टेपने लावा. आधी लावली तर वजनाने खाली लोंबते आणि तशीच वाळते. तार घालायची असेल तर टोक गोल दुमडा.

मिशा झाडूच्या काड्यांच्या, रंग वाळल्यावर, दाभणाने भोक पाडून, टोकाला फेविकॉलचा थेंब. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका, समईजवळ मांडणार असाल तर त्याहूनही आखूड.